घराला सिस्टिम अ‍ॅडमिन नसतो हो!

नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान पाचशे सुपरकॉम्प्युटरांच्या यादीतला एकूण एक कॉम्प्युटर लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) चालतो. फार छान. अभिनंदन. आता मला कुणीतरी सांगा, माझ्या लॅपटॉपवरून बाहेरच्या खोलीतल्या प्रिंटरवर मुलीचं हॉल तिकीट का निघत नाही? एक पान. काळं-पांढरं. दोन्हीकडे लिनक्स, वायफाय एकच, मध्ये फक्त एक भिंत.

लिनक्सशी माझं वैर नाही, हे आधीच सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा डेस्कटॉप विंडोज ११ च्या अटींत बसेना. धडधाकट मशीन भंगारात कोण देणार? तिथे लिनक्स टाकलं. माझ्या लॅपटॉपवर ते आधीपासून होतं, मुलीच्या लॅपटॉपवरही होतं. तिन्ही मशीनं एकेकटी अगदी गुणी आहेत. अण्णा सोसायटीच्या नोटिसा मराठीत झरझर टाइप करतात, मुलगी अभ्यास करते (असं ती म्हणते), माझं ऑफिसचं काम होतं. पण या तिघांना एकमेकांशी बोलायला सांगितलं की सगळे मुके.

प्रिंटर अण्णांच्या डेस्कटॉपला यूएसबी केबलने जोडलेला आहे. तो शेअर करायचा तर कप्सच्या (लिनक्सवर प्रिंटिंग सांभाळणारा प्रोग्राम) सर्व्हर सेटिंगमध्ये एक टिक करायची आणि त्याच प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये दुसरी. एक राहिली तर काहीच होत नाही, आणि काय राहिलंय ते कुणी सांगतही नाही. दोन्ही केल्या की फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची राखणदार, आडवी येते, तिथे ६३१ नंबरचं पोर्ट, म्हणजे दार, उघडायचं. शिवाय मशीनं एकमेकांना नावाने शोधतात ती अवाही नावाच्या प्रोग्राममार्फत, त्याला ५३५३ नंबरचं पोर्ट लागतं. हे सगळं करून झाल्यावर कळतं की काही राउटरांत वायफायवरच्या उपकरणांनी एकमेकांकडे बघूच नये अशीही एक सोय असते. सोय!

मध्येच कप्सचं पान नाव आणि पासवर्ड मागतं. कुणाचं नाव? माझं, अण्णांचं, की रूटचं, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचं? बोलत नाही. तुमचं खातं एका ठरावीक ग्रुपमध्ये नसेल तर बरोबर पासवर्ड टाकूनही पुन्हा तोच चौकोन येतो, जणू तुम्हीच चुकलात.

समजा, दिसला प्रिंटर. मग तो दोनदा दिसतो. एकदा आपल्या नावाने, एकदा शेपटीला डेस्कटॉपचं नाव लावून. मुलगी नेमका भलता निवडते. कधी अवाहीला वाटतं की डेस्कटॉप या नावाचं दुसरं कुणीतरी नेटवर्कवर आहे (तोच असतो, एकदा केबलने आणि एकदा वायफायने!), म्हणून तो स्वतःचं नाव डेस्कटॉप-२ करून घेतो. घरात डेस्कटॉप एकच आहे. दुसरा कुठून आला, हे अण्णा मला विचारतात.

आणि सगळ्यात संतापजनक प्रकार हा. प्रिंटर बंद असताना कुणी प्रिंट सोडली, तर कप्सची मूळ सेटिंग अशी आहे की चूक आढळली की रांगच थांबवायची. नंतर प्रिंटर चालू करा, त्याचा दिवा लागेल, पण कागद हलणार नाही. अ‍ॅडमिनने येऊन रांग पुन्हा सुरू करायची असते. हे ठाऊक नसलेला माणूस काय करतो? पुन्हा प्रिंट सोडतो. पुन्हा सोडतो. मग मी रात्री येऊन ती रांग सोडवते आणि पार्किंगच्या नोटिशीच्या प्रती एकामागून एक बाहेर पडतात, शाई संपेपर्यंत. अण्णा म्हणतात, "अगं, आता कशाला काढतेस एवढ्या? मघाशी हवी होती."

मुळात या फ्री सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्याची, चळवळ सुरू कशी झाली, आठवतंय ना? १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला, कागद अडकला की तो मागच्या मागे अडकून राहायचा, आणि त्याच्या प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे मूळ मजकूर, तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरला मिळेना. तो चिडला. १९८३ मध्ये त्याने ग्नू हा फ्री सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. म्हणजे सगळ्याच्या मुळाशी प्रिंटरवर चिडलेला एक माणूस आहे! चाळीस वर्षं उलटली, सोर्स कोड सगळ्यांना मिळाला, कंपायलर झाला, कर्नल झाला, आणि प्रिंटरवर चिडलेली माणसं आहेत तिथेच आहेत.

फाइलींचं तर विचारूच नका.

लिनक्सला लिनक्स जोडायचं म्हटलं की जाणकार सांगतात, एनएफएस वापरा, दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर आपल्याच मशीनवर असल्यासारखं उघडतं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं, खरंच वेगवान आहे. पण त्याच्या साध्या मांडणीत ते माणसाला ओळखतं नंबरावरून. पहिलं खातं उघडतो त्याला लिनक्स साधारणपणे १००० नंबर देतं, दुसऱ्याला १००१. माझ्या लॅपटॉपवर पहिली मी, मुलीच्या लॅपटॉपवर पहिली ती, डेस्कटॉपवर पहिले अण्णा. झालं! एनएफएसच्या लेखी आम्ही तिघं एकच माणूस. मुलीने तिच्या लॅपटॉपवरून डेस्कटॉपवरच्या फोल्डरात चित्र टाकलं की ते अण्णांच्या मालकीचं होतं. डेस्कटॉपवर तिचं वेगळं खातं आहे, तिथे ती १००१, म्हणून तिचंच चित्र तिथे तिला पुसता येत नाही. आजोबा मात्र तिचा अख्खा प्रोजेक्ट एका बटणात उडवू शकतात. उडवलाच!

ही चूक नाही म्हणे, रचनाच तशी आहे. असणारच, कारण ती रचना ऑफिसांसाठी आणि विद्यापीठांसाठी झाली. तिथे एक पगारी माणूस सगळ्यांचे नंबर सगळीकडे सारखे ठेवतो. घरात तो माणूस कोण? मी. पगार? शून्य. वर "तुला त्यातलं कळतं ना, मग बघ की" हे ऐकायचं. कुठलं फोल्डर कुणाला द्यायचं हे जिथे लिहितात त्या एनएफएसच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव आणि पुढचा कंस यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली, तर लिहायची मुभा त्या मशीनऐवजी बाकी सगळ्यांना मिळते. एक स्पेस! अशी फाइल संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत भरायची असते. शिवाय डेस्कटॉप झोपला की माझ्या लॅपटॉपची फाइलींची खिडकी गोठते, आणि लॅपटॉप बंद करायला जावं तर तोही दीड मिनिट सेकंद मोजत बसतो.

दुसरा पर्याय सांबा, हाही फाइली शेअर करणारा प्रोग्राम. अँड्र्यू ट्रिजेलने १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात बसून हे सुरू केलं, त्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण सांबा बोलतो विंडोजची भाषा. म्हणजे एकाच वाड्यातल्या दोन भावांनी परगावच्या वकिलामार्फत एकमेकांना निरोप धाडायचे. परिणाम काय होतो? आईने मला दिलेल्या भजनांच्या फाइलींच्या नावात अपूर्णविराम आहे. लिनक्सला तो चालतो, इकडेही आणि तिकडेही. विंडोजला चालत नाही, म्हणून मधल्या मध्ये सांबा त्या नावाचा चुरा करून काहीतरी अगम्य आठ अक्षरं दाखवतो. अहो, या घरात विंडोज राहिलेलंच नाही! कुणाची भीड बाळगताय?

पासवर्डही वेगळा. लिनक्सचा एक, सांबाचा दुसरा, तो वेगळ्या कमांडने द्यायचा. एक बदलला की दुसरा आपोआप बदलेल अशा भ्रमात राहू नका. पासवर्ड नको, सगळ्यांना मोकळं करू म्हटलं, तर उबंटूने (लिनक्सचाच एक अवतार) २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांच्या होम फोल्डरची परवानगी ७५५ वरून ७५० केली आहे, म्हणजे बाकीच्यांना आत बघायची बंदी. निर्णय योग्यच, कुणी कुणाच्या घरात डोकावू नये. पण मग होममधलं फोल्डर शेअर केलं की पाहुण्याला ते यादीत दिसतं आणि उघडायला गेलं की परवानगी नाही. आत शेअर करायचं बटण ठेवायचं आणि बाहेर दाराला कुलूप.

या सगळ्यावर माझ्या भाच्याचं उत्तर तयार असतं. तो बंगळुरूला असतो. "मावशी, सिंकथिंग लाव, फाइली आपोआप सगळ्या मशीनांवर जातील." "मावशी, रास्पबेरी पाय घे, छोटासा कॉम्प्युटर असतो, त्यावर सर्व्हर कर." "मावशी, एसएसएचने दुसऱ्या मशीनमध्ये लॉगिन कर ना, सोप्पं आहे." अरे, घरात तीन मशीनं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून चौथं आणू? आणि एसएसएचची किल्ली म्हणजे काय हे अण्णांना तू फोनवर समजावणार आहेस का?

सध्या घरात पेनड्राइव्ह फिरतो. तो सापडला नाही की मुलगी पीडीएफ कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आणि चपला घालून निघते. घरात प्रिंटर असताना! काकांकडे कुठली सिस्टिम आहे मला माहीत नाही, पण ती जाईपर्यंत प्रिंट तयार असते.

तर भाच्या, दिवाळीत ये. चकल्या आहेत, चिरोटे आहेत, हवं ते करून घालते. तीन मशीनं आणि एक प्रिंटर एकमेकांना जोडून दे, अण्णा आणि मुलगी ही दोन वेगळी माणसं आहेत एवढं त्यांना पटवून दे. आणि पुढच्या अपडेटला ते बंद पडलं, तर परत यायचं. स्वतःच्या तिकिटाने.