दान केलेल्या गाडीचे टायर मोजू नयेत

तुमच्या पोलीस मुख्यालयाच्या मागच्या आवारात, पत्र्याच्या शेडला लागून ज्या अकरा गाड्या उभ्या आहेत, त्यांचं काय करायचं या विचाराने तुमची झोप उडाली आहे हे मला ठाऊक आहे. कागदावर त्या निवृत्त झाल्या आहेत. प्रत्यक्षात त्यांनी फक्त हलायचं सोडून दिलंय. एकीच्या मागच्या सीटवर मांजर व्यालंय, दुसरीच्या चाकांभोवती गवत वाढलंय, आणि ऑडिटवाला आला की चष्मा कपाळावर सरकवून विचारतो, ‘या अजून इथेच?’

लिलाव करावा तर पैसे येणार जेमतेम. शिवाय गाडी एखाद्या भामट्याच्या हाती पडली आणि त्याने टपावर निळा दिवा लावून लोकांना अडवायला सुरुवात केली, तर चौकशी तुमच्यामागे लागणार. भंगारात द्यावी तर इंजिनातलं तेल, बॅटरी, एअरबॅग, एसीतला वायू, सगळ्यांच्या विल्हेवाटीचे नियम वेगळे आणि फॉर्मही वेगळे. तेव्हा माझं ऐका. या गाड्या परदेशातल्या एखाद्या गरजू पोलीस दलाला दान करा. दानात आणि विल्हेवाटीत फरक एवढाच, की विल्हेवाटीला फोटोग्राफर बोलावत नाहीत.

ही युक्ती जुनी आहे. नचिकेताच्या बापाने यज्ञात गाई दान दिल्या, त्या कशा होत्या आठवा. जेवढं पाणी प्यायचं तेवढं पिऊन झालेलं, चारा खाऊन झालेला, दूध देऊन झालेलं. बापाच्या हिशेबात काही चूक नव्हती. घात केला तो प्रश्न विचारणाऱ्या पोराने. तुमच्या ऑफिसात असं कोणी असेल तर आत्ताच हेरून ठेवा. त्याची सोय शेवटी सांगतो.

आता गाडीचं वर्णन कसं लिहायचं ते बघू. फक्त किलोमीटर लिहा. पोलिसांची गाडी धावते कमी आणि उभ्या जागी धडधडते जास्त. दिवे चालू, वायरलेस चालू, एसी चालू, आत शिपाई, बाहेर पंचनामा. खुद्द फोर्ड कंपनीचाच हिशेब आहे, की पोलीस गाडीचं इंजिन तासभर उभ्याने चाललं तर झीज साधारण 33 मैल धावल्याइतकी होते. म्हणजे एका पाळीत चार तास गाडी चौकात नुसती घुरघुरत उभी राहिली, तर काटा जागचा हलत नाही आणि इंजिन मात्र दोनशे किलोमीटरच्या वर जाऊन आलेलं असतं. अशी सहा वर्षं. यातलं काही लिहायचं नाही. लिहायचं एवढंच, की ‘एकाच मालकाने वापरलेली, नियमित सर्व्हिसिंग केलेली’. एका शब्दाने खोटं नाही.

आतली सजावट मात्र एकदा स्वतः जाऊन पाहा, कारण समारंभात पाहुणा दार उघडणारच. ड्रायव्हरच्या सीटची एक कड फाटून पिवळा स्पंज बाहेर आलेला असेल. कमरेचं पिस्तूल आणि बेड्यांची पिशवी रोज दहा वेळा तिथेच घासलेली असते. डॅशबोर्डवर जिथे वायरलेस होता तिथे चौकोनी भोक आणि त्यातून लोंबणाऱ्या चार कापलेल्या वायरी. वायरलेस काढून घेतलात हे योग्यच केलंत, आपलं गुप्त बोलणं समुद्रापार कशाला पाठवायचं. टपावर दिव्याच्या पट्टीची भोकं राहतात, ती सिलिकॉनने बुजवा. पहिल्या पावसापर्यंत टिकतं. आणि मागच्या सीटवर कोणत्याही मंत्र्याला बसवू नका. त्या दारांना आतून कडी नसते. एखादा मान्यवर आत अडकला आणि काचेवर टकटक करू लागला, तर नेमका तोच फोटो छापून येईल.

मग स्टिकर. या बाबतीत आळस करू नका असं सांगायला माझी जीभ रेटत नव्हती, पण टेक्सासमधल्या एका प्लंबरची गोष्ट ऐकल्यापासून सांगतो. त्याने 2013 मध्ये जुना पिकअप देऊन नवा घेतला. दारावर त्याच्या धंद्याचं नाव आणि फोन नंबर होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो स्टिकर सोलायला लागला होता, पण रंग खराब होईल म्हणून विक्रेत्यानेच त्याला थांबवलं. गाडी लिलावात गेली, तिथून तुर्कस्तानात, आणि डिसेंबर 2014 मध्ये सीरियाच्या युद्धातला तिचा फोटो जगभर फिरला. मागच्या हौद्यात विमानवेधी तोफ, आणि दारावर आपला प्लंबर, फोन नंबरसकट. नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला धमक्यांचे फोन सुरू झाले. तुमच्या गाडीवर तर तुमच्या दलाचं बोधचिन्ह आहे, आणि खाली ‘आपल्या सेवेसाठी’ असं लिहिलंय.

स्टिकर काढलात तरी सगळं जात नाही. भोवतालचा रंग उन्हाने विटलेला असतो आणि अक्षरांखालचा ताजा राहतो. स्टिकर सोलला की तुमच्या शहराचं नाव जरा गडद रंगात, भुतासारखं दारावर उरतं. परक्या देशात तिन्हीसांजेला ती गाडी दिसली, की तिथले लोक डोळे बारीक करून ते वाचतात. याला दोन देशांमधला सांस्कृतिक अनुबंध म्हणावं.

देश निवडताना गरज बघू नका, स्टिअरिंग बघा. खरं तर तेही बघू नका, पण बघितल्यासारखं करा. रस्त्याच्या उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशात उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी पाठवली, की पुढचा ट्रक ओलांडताना ड्रायव्हरला समोरचं काहीच दिसत नाही. मग डावीकडच्या हवालदाराने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढायचं आणि ओरडायचं, ‘घे, घे, घे... थांब!’ हा ‘थांब’ वेळेवर आला पाहिजे, एवढीच काय ती अट. फिलिपिन्ससारख्या काही देशांनी अशा गाड्यांवर कायद्यानेच बंदी घातली आहे. केनियात उलट उजवंच स्टिअरिंग लागतं, पण गाडी आठ वर्षांहून जुनी चालत नाही. असल्या चिकित्सक देशांच्या नादी लागू नका.

सामोआ हा पॅसिफिक महासागरातला बेटांचा देश मात्र आदर्श. तिथे वाहतूक उजवीकडून चालत होती. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपानमधल्या स्वस्त जुन्या गाड्या आणता याव्यात म्हणून त्यांनी 7 सप्टेंबर 2009 रोजी अख्खा देशच रस्त्याच्या डाव्या बाजूला सरकवला. गाडी रस्त्यात बसत नाही म्हणून रस्ता बदलला! घेणारा असा हवा.

(युक्रेनची गोष्ट मी यात धरत नाही. 2022 नंतर ब्रिटनमधून उजव्या स्टिअरिंगचे कितीतरी जुने पिकअप तिथे गेले, आणि त्यांनी जखमींना वाहून नेलं. घर जळत असताना बादलीचा कान कुठल्या बाजूला आहे हे कोणी पाहत नाही. शिवाय त्या गाड्या त्यांनी मागितल्या होत्या. तुमच्या अकरा गाड्या कोणी मागितल्यात?)

‘पण कोणी मागितल्याच नाहीत’ ही अडचण वाटत असेल तर जगाकडे पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने 2020 मध्ये हिशेब मांडला, की 2015 ते 2018 या काळात 1 कोटी 40 लाख जुन्या हलक्या गाड्या देशोदेशी निर्यात झाल्या. त्यातल्या 80 टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या, सगळ्यांत जास्त आफ्रिकेत. एवढ्या गर्दीत तुमच्या अकरा कोणाच्या डोळ्यांवर येणार? त्या गाड्या निदान कोणीतरी पैसे मोजून, बॉनेट उघडून, खाली वाकून बघून घेतल्या होत्या. तुमच्या फुकट आहेत, त्यामुळे बॉनेट उघडणं हा उर्मटपणा ठरतो.

खर्चाचं म्हणाल, तर गाडी तुम्ही द्यायची, बाकी सगळं त्यांनी. जहाजाचं भाडं, विमा, जकात, बंदरावरचा मुक्काम. कागद अपुरे निघाले की गाड्या बंदरात अडकतात आणि दर दिवसाचं भाडं चढत जातं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण कोंबडी तुम्ही दिलीत, हे भाषणात येऊ द्या. मसाल्याचा उल्लेख नको.

सुट्या भागांबद्दल कोणी विचारलंच, तर ‘मजबूत गाडी आहे’ म्हणा. अमेरिकी पोलिसांची ती प्रसिद्ध क्राउन व्हिक्टोरिया 2011 मध्ये बनायची थांबली. ऑस्ट्रेलियातल्या होल्डन या मोटार कंपनीचा कारखाना 2017 मध्ये बंद पडला. अशा गाड्यांना भाग कुठून मिळतात? शेजारच्या गाडीतून. म्हणून एक गाडी कधीच देऊ नये. अकरा दिल्या, की पहिल्या वर्षी नऊ धावतात, दुसऱ्या वर्षी पाच, आणि उरलेल्या सहा विटांवर उभ्या राहून त्या पाचांना गुडघे, डोळे, मूत्रपिंडं पुरवत राहतात. डिझेलची असेल तर आणखी मजा. युरोपात 2009 पासून डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण दहा लाखांत 10 भागांपुरतं मर्यादित आहे आणि गाडीच्या धुराड्यातली गाळणी त्याच हिशेबाने बनवलेली असते. ज्या देशात याच्या शेकडो पट गंधकाचं डिझेल मिळतं, तिथे ती गाळणी तुंबते. मग तिथला मेकॅनिक ती काढून फेकून देतो आणि गाडी धूर ओकत पळते. तो धूर त्यांच्या खात्यावर, तुमच्या नाही. हवामान परिषदेत त्यावरून त्यांना चार शब्द सुनवायलाही हरकत नाही.

आता नाजूक विषय. त्या गाडीत बसणारा पोलीस कसा आहे? चोर पकडतो, की वार्ताहर? हे विचारू नका. 1962 मध्ये अमेरिकेने यासाठी एक वेगळं कार्यालयच उघडलं होतं. मित्र देशांच्या पोलिसांना प्रशिक्षण, वायरलेस, गाड्या, सगळं मिळायचं. त्यातले काही पोलीस कोठडीत माणसांचे हाल करतात याचा बोभाटा झाला आणि 1974 मध्ये त्यांच्याच संसदेने परकीय मदतीतून पोलिसांना पैसा देण्यावर बंदी आणली. पुढे तिला अपवादांची इतकी ठिगळं लागली, की मूळ कापड शोधावं लागतं. तुम्ही एवढंच म्हणा, ‘आम्ही फक्त गाडी दिली. तिच्यातून कोणाला कुठे नेलं, हा त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे.’

आणि गाडी एका पोलिसाला दिली म्हणजे ती त्याच्याकडेच राहील, असंही समजू नका. अफगाण पोलिसांना अमेरिकेने हिरव्या रंगाचे फोर्ड रेंजर पिकअप दिले होते, निवृत्त नव्हे, चांगले नवे. ऑगस्ट 2021 मध्ये काबूलच्या रस्त्यांवर तेच पिकअप फिरत होते. हौद्यात तालिबान.

यात चढाओढही असते, ती आधीच ओळखा. सॉलोमन बेटांना सैन्यच नाही, जे आहे ते पोलीस दल. नोव्हेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना 60 रायफली आणि 13 गाड्या दिल्या. त्याच आठवड्यात चीनने पाण्याचा मारा करणारे 2 ट्रक, 30 मोटारसायकली आणि 20 एसयूव्ही दिल्या. त्या पोलिसांना आठवडाभरात मोठी शहरंसुद्धा हेवा करतील असा ताफा मिळाला. आता या दोघांच्या मध्ये तुम्ही तुमच्या अकरा गाड्या घेऊन, त्यातली एक टोचन करून, मांजरासकट उतरणार का? त्यापेक्षा जिथे दुसरा दाता फिरकत नाही असा देश बघा. तिथे तुमचा फोटो पहिल्या पानावर येईल.

फोटोसाठी पुठ्ठ्याची मोठी किल्ली करून घ्या. खरी किल्ली एकच शिल्लक आहे आणि तिच्यातली चिप कधी चालते, कधी नाही, ती दाखवण्यासारखी नाही. गाड्या रांगेत लावताना उतारावर लावा. पाहुण्यांच्या देखत धक्का मारायची वेळ येऊ नये.

वर्षभराने आभाराचं पत्र येईल. ‘आपण दिलेल्या वाहनांचा आमच्या दलाला अतिशय उपयोग होत आहे’, असं त्यात असेल. ते फाइलला लावा आणि उत्तर पाठवू नका, नाहीतर पुढच्या पत्रात गिअरबॉक्स मागतील.

राहिला तुमचा तो प्रश्न विचारणारा कारकून. बैठकीत उठून तो म्हणालाच असेल, ‘साहेब, ज्या गाडीत आपण आपला शिपाई बसवत नाही, ती त्यांना कशी देता?’ रागावू नका. नचिकेताचा बाप रागावला, म्हणून ती गोष्ट अजून लोकांच्या तोंडी आहे. तुम्ही शांतपणे त्याला ‘हस्तांतरण अधिकारी’ म्हणून नेमा आणि गाड्यांबरोबर पाठवा. तिकीट एकेरीच काढा. नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला होता. हा बंदरावर जकात कचेरीच्या दारात बसेल. यमाने निदान त्याला तीन वर दिले. इथला साहेब तीन प्रती मागेल, तिन्ही शिक्क्याच्या.