राखेचं सिमेंट म्हणजे भेसळ नव्हे

‘एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली राख सिमेंटमध्ये मिसळतात, ही भेसळ आहे, असल्या सिमेंटचा स्लॅब टिकत नाही’ असा मेसेज नाशिकच्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. घर बांधणारे घाबरलेत, म्हणून हा खुलासा.

पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटमध्ये फ्लाय अॅश, म्हणजे कोळसा जळून उरलेली बारीक राख असते, ती उघडपणे. गोणीवर आयएस १४८९ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो आणि या मानकात १५ ते ३५ टक्के राखेला परवानगी आहे. सिमेंटला पाणी लागलं की चुना सुटतो. ही बारीक राख त्याच्याशी संयोग पावून नवा चिकट बंध तयार करते, बारीक छिद्रं भरते. म्हणून काँक्रीटमध्ये पाणी कमी मुरतं.

मेसेजमध्ये तथ्य एवढंच की सुरुवातीची ताकद सावकाश येते. त्यामुळे सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) काढायची घाई नको, आणि पाणी किमान १० दिवस मारायलाच हवं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ तेच सांगतं. नाशिकच्या उन्हाळ्यात तर १४ दिवस माराच. स्लॅब बिघडतो तो बहुतेकदा इथेच, आणि दोष मात्र राखेला!

साइटवर कुठलीही राख फावड्याने मिसळणं मात्र वेगळं. ते अजिबात करू देऊ नका.