'तक्रार करून काही होत नाही' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डचा हिशोब

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, आणि चौथ्यांदा तो आमच्या भाऊजींनी टाकला, खाली "१००% सत्य" असं लिहून, तेव्हा म्हटलं आता बसून उत्तर लिहावंच. मेसेज लांबलचक आहे पण सार एवढंच: सरकारने धंदेवाल्यांना मोकळं रान दिलंय, ग्राहकाला कुणी वाली नाही, सरकारी खात्याला तर कुणी हातच लावू शकत नाही, तेव्हा तक्रारीच्या भानगडीत पडून वेळ आणि पैसा घालवू नका. त्याखाली सहा मुद्दे. कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, काही नाही.

आधीच सांगतो, मी वकील नाही आणि सरकारची बाजू घ्यायला तर मुळीच बसलेलो नाही. माझा राग उलट आहे, तो पुढे येईलच.

पहिला मुद्दा: "हॉटेलातला सर्विस चार्ज सरकारने मान्य केलाय, द्यावाच लागतो."

हे शिळं झालंय. झालं असं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला गाइडलाइन्स काढल्या की सर्विस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने पण लावायचा नाही, ग्राहकाला मनापासून वाटलं तर तो देईल. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला त्यांना स्टे मिळाला. हा मेसेज बहुतेक त्या स्टेच्या काळात जन्मलाय आणि तेव्हापासून नुसता फिरतोय, कारण फॉरवर्डला तारीख नसते. पण २८ मार्च २०२५ ला त्याच हायकोर्टाने संघटनांच्या याचिका फेटाळल्या, वर एकेक लाख रुपये भरायला लावले, आणि गाइडलाइन्स कायम ठेवल्या. संघटना त्याविरुद्ध अपिलात गेल्यात हे खरंय, पण अपिलात गेले म्हणजे निकाल उलटला असं नव्हे.

पुढच्या वेळी बिल हातात आलं की मोबाइल बाजूला ठेवून खालच्या चार ओळी वाचा. जेवण १,००० रुपये, त्याखाली बारीक अक्षरात 'एस.सी. १० टक्के', म्हणजे सर्विस चार्जचे १००, आणि मग ५ टक्के जीएसटी बेरजेवर, म्हणजे १,१०० वर ५५. जो चार्ज लावायलाच नको होता त्याच्यावर सुद्धा पाच रुपये टॅक्स. मॅनेजरला "हा काढा" म्हटलं की बऱ्याचदा तो न बोलता नवीन बिल काढून आणतो, म्हणजे त्याला सगळं माहीत असतं. माहीत नसतं ते आपल्याला.

दुसरा मुद्दा: "ग्राहक कोर्टात वकील लागतो, पाच हजारांच्या मिक्सरसाठी पन्नास हजार जातील."

नाही हो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात स्वतः उभं राहून केस चालवता येते, वकील सक्तीचा नाही. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे आपण ज्याला ग्राहक कोर्ट म्हणतो तिथे, फी शून्य. आणि तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात केस टाकता येते, कंपनीचं हेड ऑफिस भले हजार किलोमीटर लांब असो. दोन वर्षांच्या आत मात्र टाकायची. बिल, वॉरंटी कार्ड, ईमेल, कंपनीला पाठवलेली नोटीस आणि एक प्रतिज्ञापत्र, एवढी फाइल. (गंमत म्हणजे वकिलाने काम नीट केलं नाही म्हणून त्याच्यावर ग्राहक केस टाकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये तसा निकालच दिलाय. चालायचंच.)

पण इथे मेसेजवाल्याने जे लिहायला हवं होतं ते लिहिलंच नाही. कायद्यात म्हटलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची लॅब टेस्ट लागली तर पाच महिन्यांत, निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. का पडतात? कारण अध्यक्षांच्या आणि सदस्यांच्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि त्या भरायचं काम सरकारचं असतं. हे इतकं झालं की २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हा विषय हातात घेतला आणि नेमणुका करायच्याच नसतील तर कायदाच रद्द करा या अर्थाचं सरकारला सुनावलं. जाब इथे विचारायचाय. "वकील लागतो" ही नुसती अफवा आहे, "सदस्य नाही म्हणून पुढची तारीख" ही सरकारची चूक आहे, आणि मेसेजमध्ये पहिली आहे, दुसरी नाही.

तिसरा: "१९१५ म्हणजे टाइमपास."

यात निम्मं तथ्य आहे. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, ती कोर्ट नाही, ती कुणाला हुकूम देऊ शकत नाही, ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागवते. ज्याला वाटतं की फोन केला की उद्या पोलिस कंपनीच्या दारात, त्याची निराशा होणारच.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. घरचा पाण्याचा प्युरिफायर, एएमसीचे म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे पैसे आगाऊ भरलेले, दीड महिना माणूस आला नाही. कंपनीच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली की दोन दिवसांनी आपोआप बंद, कारण लिहिलेलं 'ग्राहक घरी नव्हते', आणि मी रिटायर्ड माणूस, दिवसभर घरीच. शेवटी १९१५ ला फोन केला, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळाला. चौथ्या दिवशी कंपनीने तिथेही 'निराकरण झाले' असं टाकून दिलं. मी परत फोन केला, सांगितलं झालेलं नाही, त्यांनी ते नोंदवून घेतलं. नवव्या दिवशी माणूस आला, मेंब्रेन बदललं, आणि जाताना मलाच म्हणतो "काका, वरून फोन आला होता, एवढं कशाला करायचं." फुकट गेलेल्या दीड महिन्याचे पैसे मात्र मिळाले नाहीत, ते हेल्पलाइनने मिळतही नाहीत, त्यासाठी आयोगात जावं लागलं असतं आणि मी गेलो नाही, आळस केला, हेही लिहून टाकतो. पण गेलो असतो तर त्या डॉकेटची प्रिंट फाइलमध्ये पहिल्या पानावर लागली असती. ज्याला मेसेज टाइमपास म्हणतोय तो माझा पुरावा झाला असता.

चौथा मुद्दा, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय: "सरकारी खात्यावर ग्राहक केस होतच नाही."

१९९३ पासून होतेय! लखनौ विकास प्राधिकरणाची ती गाजलेली केस, एम. के. गुप्ता नावाच्या माणसाने घराचे पैसे भरले, घर काही पूर्ण होऊन ताब्यात मिळेना, तो ग्राहक म्हणून लढला. प्राधिकरण म्हणालं आम्ही सरकारी, आम्हाला हा कायदा लागू नाही. सुप्रीम कोर्टाने ते उडवून लावलं, आणि नुसतं उडवलं नाही तर पुढे असं सांगितलं की अधिकाऱ्यांनी छळ केला म्हणून भरपाई द्यावी लागत असेल तर ती जनतेच्या तिजोरीतून का, ज्यांनी छळ केला त्यांची जबाबदारी ठरवून त्यांच्याकडून वसूल करा. तीस वर्षं उलटून गेली या निकालाला आणि आपण अजून "सरकारवर केस होत नाही" फॉरवर्ड करतोय.

दुसरं उदाहरण रेल्वेचं. अजमेर-जम्मू गाडी चार तास लेट, त्यामुळे प्रवाशाचं जम्मूहून श्रीनगरचं विमान चुकलं, टॅक्सी करून जावं लागलं. रेल्वे सुप्रीम कोर्टापर्यंत लढली आणि ६ सप्टेंबर २०२१ ला हरली, कारण उशीर का झाला हेच तिला सिद्ध करता आलं नाही. तीसेक हजारांची भरपाई, पण मुद्दा रकमेचा नाहीच.

आता मेसेजवाल्याचं कुठे बरोबर आहे तेही सांगतो. सरकारी दवाखान्यात जिथे सगळ्यांनाच सेवा फुकट असते तिथे ग्राहक केस होत नाही, हे १९९५ च्या निकालाने ठरलंय. आपण टॅक्स भरतो म्हणून प्रत्येक सरकारी कामाचे ग्राहक होतो असंही नाही. रस्त्यावरचा खड्डा घेऊन ग्राहक आयोगात जाऊ नका. आणि वीज, बँक, विमा यांच्यासाठी वेगळे दरवाजे पण आहेत, विजेला ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि वर विद्युत लोकपाल, बँकेला रिझर्व्ह बँकेचा ओम्बड्समन पण आधी बँकेत लेखी तक्रार करून तीस दिवस थांबायचं. इतके दरवाजे की माणूस दमतो. यावर मेसेज लिहिला असता तर मी स्वतः फॉरवर्ड केला असता.

आणि दाखले, नोंदी, परवाने यासाठी तर महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ऑफिसात बोर्ड लावलेला असतो, बऱ्याचदा कपाटामागे, त्यावर सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याची तो) आणि अपील कुणाकडे, हे चार रकाने असतात. मुदत उलटली तर पहिलं अपील, दुसरं अपील, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, तो त्याच्या खिशातून. रक्कम किरकोळ आहे, मान्य, पण साहेबांना पाचशे रुपयांपेक्षा आपल्या नावाने निघालेला कागद जास्त टोचतो. यात मेख एकच, अर्जाची पोच तारखेसकट हवी, कारण मुदत तिथून मोजतात. खिडकीवरची व्यक्ती "ठेवून जा, बघतो" म्हणाली आणि तुम्ही ठेवून आलात की घड्याळ सुरूच झालं नाही.

पाचवा: "खासगी कंपनीची माहिती आरटीआयमध्ये मिळत नाही, म्हणून तपासणी होते का नाही कुणालाच कळत नाही."

पहिलं अर्धं वाक्य खरं, दुसरं चूक. कंपनीला थेट आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाकता येत नाही, पण कंपनीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याला टाकता येतो, आणि दुसऱ्या कायद्याखाली त्या खात्याला कंपनीकडून जी माहिती घेता येते ती आरटीआयच्या व्याख्येतच बसते. पेट्रोल पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर आधी पंपावरच पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवायला सांगा, तो हक्क आहे. आणि मग वैधमापन शास्त्र खात्याला, म्हणजे आपण ज्याला वजनमापे खातं म्हणतो त्याला, अर्ज: अमुक पंपाची अमुक दोन वर्षांत किती वेळा तपासणी झाली, त्या अहवालांच्या प्रती, कारवाई झाली असल्यास तिचा तपशील. "तपासणी का केली नाही" असं विचारायचं नाही, 'का' विचारलं की उत्तर येतं "ही माहिती या व्याख्येत बसत नाही". कागद मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि उत्तराला तीस दिवस. उशीर झाला तर दिवसाला २५० प्रमाणे २५,००० पर्यंत दंड कायद्यात आहे, लावतात क्वचित, आणि माहिती आयोगाकडे अपिलांचा ढीग पडलेला असतो ही वेगळी रडकथा.

सहावा: "जनविश्वास कायद्याने धंदेवाल्यांच्या सगळ्या शिक्षा माफ केल्या."

सगळ्या नाही. २०२३ च्या त्या कायद्याने ४२ कायद्यांमधल्या १८३ तरतुदी बदलल्या, बऱ्याच ठिकाणी तुरुंगवास किंवा कोर्टाचा दंड काढून अधिकाऱ्याने लावायचा दंड आणला, आणि दंडाची रक्कम दर तीन वर्षांनी १० टक्के वाढेल अशी सोय केली. वेळेत फॉर्म भरला नाही म्हणून छोट्या दुकानदाराला कोर्टात उभं करण्यात मलाही काही अर्थ वाटत नाही. पण पूर्वी जे न्यायाधीश ठरवायचे ते आता खात्याचा अधिकारी ठरवणार, म्हणजे त्याने किती प्रकरणात दंड लावला, किती सोडून दिली, हे बघणं आपल्याला पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं. ते बघायचं कसं, तर वर पाचव्या मुद्द्यात लिहिलंय तसं.

माझा राग हाच आहे. हा मेसेज दिसायला सरकारविरोधी आहे, पण त्याने सगळ्यात जास्त सोय कुणाची होते तर त्याच खात्यांची. लोक तक्रारच करणार नाहीत, मग रजिस्टरमध्ये नोंद नाही, नोंद नाही म्हणजे विधानसभेत प्रश्न आला की उत्तर तयार, "अशा स्वरूपाच्या तक्रारी प्राप्त नाहीत".

हे सगळं भाऊजींना फोनवर सांगितलं, तर म्हणाले तू स्वतः टाकलास का कधी अर्ज. टाकलाय. आमच्या इथल्या एका पंपाबद्दलच, वर लिहिलाय तसाच, एकशे बेचाळीस शब्दांत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, मग प्रथम अपील केलं, त्याची सुनावणी येत्या मंगळवारी साडेअकराला आहे. भाऊजींना म्हटलं चला बरोबर, तर मंगळवारी त्यांना काम आहे.