"दिसलाच नाही" म्हणे!

आज सकाळी साडेसहाला कर्वे रोडवर पेपर टाकणारं एक पोरगं माझ्या डोळ्यांसमोर आपटलं. कडेला थांबलेल्या कारवाल्याने मागे न बघता धाडकन दार उघडलं. सायकल दारावर, पोरगं रस्त्यावर, पेपर ओल्या डांबरावर. साहेब उतरले आणि आधी दाराचा पोचा चाचपला. मग म्हणाले, "अहो, दिसलाच नाही!"

हेच वाक्य मी नववीत असताना ऐकलंय. बाबा प्रेसमधून सायकलने घरी येत होते. असंच दार. खांद्याचं हाड मोडलं, सहा आठवडे हात झोळीत. तो माणूस सफरचंदं घेऊन घरी आला आणि आईला म्हणाला, "वहिनी, खरंच दिसले नाहीत हो."

दिसले नाहीत, की बघितलं नाही? ५० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. दोन सेकंद मोबाईलमध्ये डोकावलात की २८ मीटर आंधळेपणाने गेलात. आणि हा तर उभा होता! आरशात बघायला याला कुठली घाई होती?

हो, सायकलवालेही राँग साइडने येतात, रात्री दिव्याशिवाय फिरतात. मान्य. पण तो चुकला तर त्याचाच गुडघा फुटतो आणि तुम्ही चुकलात तरी त्याचाच. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवलेलं हे आपलं पुणं, आणि आज सायकल ट्रॅकवर गाड्या लावून वर विचारायचं, हे रस्त्याच्या मधे कशाला येतात?

चूक कोणाकडूनही होते. मीही गाडी चालवतो, मागच्याच महिन्यात माझ्या दारापासून एक आजोबा वितभर अंतराने वाचले. रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून दार डाव्या हाताने उघडतो. नेदरलँड्समध्ये असंच, दारापासून लांबच्या हाताने उघडायला शिकवतात. अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते. करून बघा, प्लीज.

पण चुकलात तर "चुकलो" म्हणा ना! जखमीला उपचार मिळवून देणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाचं काम आहे. साहेब फोनवर इन्शुरन्सचं विचारत होते. पोराला रिक्षात घालून मी नेलं. कोपर सोललेलं, आणि तो मला सांगतोय, "काका, शेवटच्या बिल्डिंगचे पेपर राहिले."

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "खांद्याला नाही ना लागलं त्याच्या?"