हे फुकटचे पैसे नव्हेत

मेथ (मेथॅम्फेटामाइन), कोकेनसारख्या उत्तेजक अमली पदार्थांपासून दूर राहणाऱ्या व्यसनी माणसाला बक्षीस देणारी एक योजना अमेरिकेत कॅलिफोर्नियात आहे, तिच्याबद्दलचा लेख वाचून बऱ्याच जणांनी आक्षेप घेतलाय की व्यसनी माणसाला पैसे दिले तर तो ते नशेतच उडवणार. पण या योजनेत रोख रक्कम कुणाच्या हातात पडतच नाही. गिफ्ट कार्ड मिळतं, आणि त्यावर दारू, तंबाखू घेता येत नाही. पहिले 12 आठवडे आठवड्यातून दोनदा लघवी तपासतात. हे पदार्थ आढळले नाहीत तर सुरुवातीला 10 डॉलर, मग रक्कम हळूहळू वाढते. पाय घसरला तर हाकलून देत नाहीत, रक्कम तेवढी खाली येते.

मेथच्या व्यसनावर अमेरिकेत अजून मान्यताप्राप्त औषध नाही, हेही लक्षात घ्या. कोकेनच्या रुग्णांवर हा बक्षिसाचा उपाय अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यात संशोधक स्टीफन हिगिन्स यांनी 1990च्या दशकातच करून दाखवला होता.

नशा लगेच सुख देते, आणि सोडल्याचं फळ दिसायला महिने लागतात. मधले दिवस फार कठीण. माझ्या मामाने दारू सोडली तेव्हा आम्ही घरातले सगळे 'बघू किती दिवस टिकतंय' एवढंच म्हणत होतो. एकानेही 'आज चौदावा दिवस ना रे?' असं विचारलं नाही. त्याची खंत मला आजही आहे.

काळजी वाटते ती पुढची. बक्षीस थांबल्यावर काही जण पुन्हा घसरतात, म्हणून समुपदेशन आणि कामधंद्याची सोय सोबत हवीच. पण तेवढ्यासाठी ही योजनाच मोडीत काढा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.