बंद सरकारने केलं, कर्ज दुकानदाराने फेडलं

लोकांच्या जिवासाठी एखाद्याचा धंदा बंद ठेवायला लावला, तर त्याला सरकारने पैसे दिले पाहिजेत. कर्ज नव्हे, पैसे. कोविडचा विषय निघाला की लोक "जाऊ दे, झालं ते झालं" म्हणतात. मला ते पटत नाही.

मी छोट्या दुकानदारांचे हिशोब आणि कर्जाच्या फायली करतो. मे २०२० मध्ये २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा फोन थांबत नव्हता. "आपल्याला काय मिळणार?" छोट्या धंद्यांसाठी सगळ्यात मोठी रक्कम ३ लाख कोटींची होती. तारण नाही, हमी सरकारची. पण मिळणार होतं कर्जच, आणि तेही २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर जेवढी बाकी होती तिच्या २० टक्क्यांपर्यंत. ज्याने आधी कर्ज काढलंच नव्हतं, त्याच्या वाट्याला शून्य.

आमच्या भागात एक सलूनवाले काका आहेत. तीन खुर्च्या, दोन कारागीर, गाळा भाड्याचा. कुणाचं देणं अंगावर ठेवायचं नाही हा त्यांचा बाणा, त्यामुळे बँकेची पायरी कधी चढले नाहीत. त्यांची वही माझ्याकडे येते. मार्चनंतर जमेची बाजू कोरी. खर्चाला गाळ्याचं भाडं, लाइट बिल, आणि दोन्ही कारागिरांच्या नावापुढे पुन्हा पुन्हा "उचल". जूनमध्ये जमेला एकच नोंद आहे: पाटल्या मोडल्या. काकूंच्या.

२८ जूनला सलूनं उघडली, तीही फक्त केस कापायला. दाढी करायची नाही. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद. त्या वेळी राज्य सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज दिलं. नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले, बांधकाम मजूर, घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये. रक्कम तुटपुंजी होती, पण हातात येणारी होती, म्हणून त्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. गाळ्यात सलून चालवणारा मात्र त्या यादीतही नव्हता. केंद्राने पीएफचा भार काही महिने उचलला, पण दोन कारागिरांच्या दुकानात पीएफ कुठला? बँकांचे हप्ते पुढे ढकलले, व्याज चालूच राहिलं.

दुकानं बंद करायला माझा विरोध नव्हता, आजही नाही. ऑक्सिजनसाठी लोक कसे धावत होते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण त्या बंदचा फायदा सगळ्या गावाला झाला असेल, तर खर्च फक्त शटर खाली ओढणाऱ्याने का सोसायचा?

ब्रिटनने घरी बसलेल्या कामगारांचा ८० टक्के पगार, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, सरकारी तिजोरीतून दिला. जर्मनीने नोव्हेंबर २०२० मध्ये हॉटेलं बंद केली, तेव्हा आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या उलाढालीच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई देऊ केली. श्रीमंत देश आहेत, मान्य. मी ७५ टक्के मागतच नाही. बंदच्या काळातलं गाळ्याचं भाडं आणि कारागिराची निम्मी कमाई, एवढंच द्या.

"द्यायचं कुणाला, यादी कुठंय?" असं विचारणारे भेटतात. गुमास्त्याची, म्हणजे दुकानाची सरकारी नोंद आहे, दुकानाचा वीज मीटर आहे, बँक खातं आहे. शेतकऱ्यांच्या खात्यात वर्षाला ६,००० रुपये थेट जमा करणारं सरकार हेही करू शकतं. त्यासाठी पुढच्या साथीची वाट न बघता नोंदी आजच जुळवाव्या लागतील.

आणखी एक. मार्च २०२० मध्ये राज्याने निर्बंधांसाठी १८९७ चा साथरोग कायदा वापरला, मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या वेळचा, इंग्रजांनी केलेला. त्याच्या दुसऱ्याच कलमात उपाययोजनांचा खर्च कुणी आणि कसा भरायचा हे सरकार ठरवू शकतं असं म्हटलंय, आणि त्या खर्चात नुकसानभरपाईचा उल्लेख आहे. "दिलीच तर" अशा मोघम शब्दांत, पण आहे. ते "दिलीच तर" काढून तिथे "दिलीच पाहिजे" असं लिहून घ्यायला हवं. व्यापारी संघटना आणि नाभिक संघटनांनी एकत्र येऊन आपापल्या आमदारांकडे ही मागणी लावून धरावी. निवेदनाचा मसुदा मी करून देतो, एक पैसा घेणार नाही. ज्यांना हवाय त्यांनी खाली कळवा.