‘पाळी जाताना विसरायला होतं, ते मनाचे खेळ’: हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

बायकांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. फोटोतली फुलं बदलतात, शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. थोडक्यात तो असा: चाळिशीनंतर डोकं चालत नाही, नावं आठवत नाहीत ही सगळी नवी फॅडं. आपल्या आज्यांना कुठे होता ब्रेन फॉग (डोक्यातला धुसरपणा)? रिकामं मन आणि मोबाइल यांचा हा परिणाम आहे, कामात राहा, आपोआप जाईल. तपासण्यांत काही निघत नाही, पैसे मात्र जातात. हार्मोनच्या गोळ्या घेऊच नका, कॅन्सर होतो. त्यापेक्षा भिजवलेले बदाम आणि ब्राह्मी घ्या. आणि एवढं करूनही विसरत असाल तर सावध व्हा, ही अल्झायमरची सुरुवात आहे.

‘तुला काही झालेलं नाही’ आणि ‘तुला फार भयंकर काहीतरी झालंय’ ही दोन्ही वाक्यं एकाच मेसेजमध्ये आहेत आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो. पहिलं वाचून बाई लाजेने गप्प बसते, दुसरं वाचून भीतीने. डॉक्टरकडे कुणीच जात नाही. म्हणून या मेसेजला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आधी आज्यांचं. त्यांना असं होत नव्हतं हे कुणी विचारून ठेवलं होतं? पाळीचे चार दिवस बाहेर बसणाऱ्या आणि पाळी गेली की ‘सुटले बाई’ एवढंच म्हणणाऱ्या त्या पिढीने आतलं काय काय कुणापाशी बोललं असेल? बोललं तरी ‘हिचं हल्ली चित्त ठिकाणावर नसतं’ किंवा ‘वय झालं’ यातच ते जिरून गेलं. शिवाय हा धुसरपणा मुख्यतः जाणवतो तो नवं काही लक्षात ठेवताना, नेमका शब्द शोधताना, एका वेळी चार गोष्टी सांभाळताना. आजच्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईचा अख्खा दिवस याच कामांवर चालतो: ओटीपी, पासवर्ड, ऑनलाइन गुण भरणं, मुलाची फी, सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा. त्रास जुनाच आहे, तो लपायला जागा कमी उरली आहे.

आता ‘हे खरं नाहीच’ या मुख्य दाव्याकडे. अमेरिकेत १९९६ पासून ‘स्वॅन’ नावाचा एक मोठा अभ्यास चालला. सात ठिकाणच्या, वेगवेगळ्या वंशांच्या तीन हजारांहून अधिक बायकांना, सुरुवातीला वय ४२ ते ५२ असताना निवडून, वर्षानुवर्षं तपासलं गेलं. त्यातल्या २,३६२ बायकांच्या स्मरणशक्तीच्या आणि विचारांच्या वेगाच्या चाचण्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एक छोटी गोष्ट ऐकवायची आणि नंतर सांगायला लावायची, आकडे उलटे म्हणायला लावायचे, ठरावीक वेळात चिन्हांसमोर आकडे लावायला सांगायचे, अशा त्या चाचण्या. त्याच चाचण्या पुन्हा पुन्हा दिल्या की सरावाने कुणाचेही गुण वाढतात. पाळी नियमित असलेल्या बायकांचे वाढले. पाळी पूर्ण थांबलेल्यांचेही वाढले. मधल्या काळातल्या, म्हणजे पेरिमेनोपॉजमधल्या बायकांचे मात्र अपेक्षेइतके वाढले नाहीत. ऐकलेलं लक्षात ठेवण्यात त्या मागे राहिल्या, आणि या काळाच्या उत्तरार्धात वेगातही.

या एका निष्कर्षात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही मला फार महत्त्वाच्या वाटतात. घसरण मोजता येते, म्हणजे ती बाईच्या मनातून निघालेली कल्पना नाही. आणि पाळी थांबल्यावर शिकण्याची गती परत येते, म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत हा टप्पा आहे, उतरण नाही. मेंदूच्या ज्या भागांवर स्मरण आणि एकाग्रता अवलंबून असते, त्यांत इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या पेशी भरपूर असतात. हे हार्मोन या काळात सरळ रेषेत कमी होत नाही. एखाद्या महिन्यात ते पूर्वीपेक्षाही वर जातं, पुढच्या महिन्यात कोसळतं, आणि मेंदूला या चढउताराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो.

मग ‘रिकामं मन, कामात राहा’ याचं काय? माझी एक मैत्रीण शाळेत गणित शिकवते. वीसेक वर्षं तिने पाचवी-सहावीला अपूर्णांक शिकवले आहेत. एके दिवशी फळ्यावर तीन चतुर्थांश लिहिलं, खालच्या चारवर खडू टेकवला आणि त्या आकड्याला काय म्हणतात तेच तिला आठवेना. ‘अंश’ आठवला, ‘छेद’ नाही. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने सांगितलं. स्टाफरूममध्ये येऊन ती रडली. तिचं मन रिकामं होतं असं कुणी म्हणावं? पहाटे पाचला उठून डबे, आठ तास शाळा, संध्याकाळी आईचा फिजिओथेरपिस्ट, रात्री पेपर. आणि त्या रात्रीही अडीचला घामाने भिजून ती उठली होती, पंखा पाचवर करून पहाटेपर्यंत जागी होती.

ही रात्रच खरी पाहायला हवी. रात्री अंगातून वाफा निघतात, झोप तुटते, आणि तुटलेल्या झोपेवर दुसऱ्या दिवशी कुणाचीच स्मरणशक्ती धड चालत नाही. शिकागोतल्या संशोधक पॉलिन माकी यांनी केलेल्या एका छोट्या अभ्यासात बायकांच्या त्वचेवर यंत्र लावून हॉट फ्लॅश, म्हणजे या वाफा, मोजले. बायकांनी सांगितले त्यापेक्षा ते कितीतरी जास्त निघाले, आणि यंत्राने मोजलेले फ्लॅश जितके जास्त तितकी शब्दांची आठवण कमकुवत. आपल्याला किती वेळा येतात याचा बाईला स्वतःलाच अंदाज नसतो.

चिंता आणि नैराश्य यांनी डोकं जड होतं हे खरंच आहे आणि त्यावर उपचार घ्यायलाच हवेत. पण ‘स्वॅन’च्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी चिंता, नैराश्य, झोप आणि हॉट फ्लॅश यांचा परिणाम बाजूला काढून पाहिलं, तरी या काळातली शिकण्यातली घट उरलीच. म्हणजे ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढं सांगून सुटका नाही.

उलट जास्त काम अंगावर घेतल्याने बिघडतंच. उपयोगी पडतं ते डोक्यावरचं ओझं उतरवणं. माझ्या मैत्रिणीने पाठ टाचणात तासाचे पाच-सहा मुख्य शब्द वरच्या कोपऱ्यात लिहायला सुरुवात केली. गुण भरण्याचं काम ऑफ तासाला, फोन बंद ठेवून, एका बैठकीत. घरात एकच वही, सगळ्यांना दिसेल अशी, फ्रिजवर. आजीच्या गोळ्यांचा अलार्म आता नवऱ्याच्या फोनवर वाजतो. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, असं माझं मत आहे. घरातल्या सहा माणसांच्या आठवणी एकटीने सांभाळायच्या आणि त्यातली एक निसटली की तिलाच विसरभोळी म्हणायचं, हे थांबायला हवं. झोपण्याची खोली थंड ठेवणं, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळणं, रोज दम लागेल असं चालणं, याने रात्री सुधारतात. निद्रानाशासाठी मानसोपचारातली सीबीटी ही विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी पद्धत या वयातल्या बायकांवर तपासली गेली आहे आणि ती गुण देते.

‘तपासण्यांत काही निघत नाही’ हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते पटतं. एफएसएच, म्हणजे अंडाशयांना चालना देणाऱ्या हार्मोनची तपासणी या काळात खरंच फारशी कामाची नसते. आज वर, पुढच्या आठवड्यात खाली. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की पंचेचाळिशीच्या पुढे, लक्षणं असतील तर पेरिमेनोपॉज ठरवायला ही तपासणी करू नये; पाळीचं वेळापत्रक आणि लक्षणं पुरेशी आहेत. त्यामुळे ‘हार्मोन रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे तुला काही नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पण बाकीच्या तपासण्यांत पुष्कळ काही निघतं. या वयात पाळी लांबते तशी कधी कधी अंगावरून खूप जातं. त्याने लोह संपतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी साठवलेलं लोह, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असू शकतं. शाकाहारी घरांत बी बारा कमी असणं नेहमीचं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांत ते आणखी खाली जातं. थायरॉइड मंदावला तरी अगदी हेच होतं: सुस्ती, विसर, जड डोकं. वाढलेली साखर, झोपेत घोरून श्वास अडकणं, ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या ही कारणंही या वयात सापडतात. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे. बाई ‘पाळीमुळे असेल’ म्हणून बसून राहिली तर तो उपाय वर्षं वर्षं होत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी बारा, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर आणि बीपी एवढं करून घेतल्याशिवाय कुणीही स्वतःला ‘हे असंच असतं’ म्हणू नये.

हार्मोनच्या गोळ्यांबद्दलची भीती २००२ सालची आहे. तेव्हा अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीचा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र देणारा भाग मध्येच थांबवला गेला. त्यात बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी वय ६३. स्तनाच्या कॅन्सरचा फरक होता तो असा: दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८. गर्भपिशवी काढलेल्या आणि फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत ही वाढ दिसली नाही. पासष्टीच्या पुढे एकत्र गोळ्या सुरू केलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण मात्र दुप्पट झालं, आणि ते गंभीरच आहे. पण पाळी जाऊन जास्तीत जास्त तीन वर्षं झालेल्या बायकांवर नंतर वेगळी चाचणी झाली. चार वर्षांत त्यांच्या स्मरणशक्तीला हार्मोनने अपायही झाला नाही आणि फायदाही नाही.

म्हणून ‘घेऊच नका’ हे चूक, आणि हल्ली इन्स्टाग्रामवर ‘हार्मोन घ्या, डोकं लख्ख’ म्हणतात तेही चूक. निव्वळ विसरण्यासाठी ही औषधं दिली जात नाहीत. हॉट फ्लॅश आणि रात्रीचा घाम यांवर मात्र ती सगळ्यांत प्रभावी आहेत, आणि रात्र सुधारली की दिवस सुधारण्याची शक्यता असते. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्तात गुठळी होऊन गेलेल्यांनी ती टाळायची असतात. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत.

या भीतीची सगळ्यांत मोठी किंमत मोजतात त्या लहान वयात गर्भपिशवी काढलेल्या बायका. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गोष्ट २०१९ मध्ये बाहेर आली. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर पाळी जाण्याची सगळी लक्षणं महिन्याभरात एकदम कोसळतात. अंडाशय ठेवले तरी ते थोडे लवकर थकू शकतात, आणि पाळीच येत नसल्याने बाईला कळायला काही खूणही उरत नाही. पस्तिशी-चाळिशीत अंडाशय गेलेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असंच सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. ‘कॅन्सर होतो’ हा मेसेज तिच्या फोनवर गेला तर तिचं फार नुकसान होतं. ऑपरेशनचा कागद सापडत असेल तर तो घेऊन डॉक्टरकडे जावं. अंडाशय ठेवलेत की काढलेत हे त्यावरच कळतं.

बदाम खावेत, चांगले असतात. त्याने ब्रेन फॉग जातो याला पुरावा नाही. ब्राह्मीवर काही छोटे अभ्यास आहेत, पण या टप्प्यातल्या बायकांसाठी त्यावरून काही ठामपणे सांगता येत नाही. अश्वगंधाच्या गोळ्या मात्र ‘आयुर्वेदिक आहे, काय होतंय’ म्हणून घेऊ नयेत: यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या औषधाच्या परिणामात त्या ढवळाढवळ करू शकतात.

राहिला अल्झायमर. पन्नाशीच्या आतबाहेर तो फार क्वचित होतो. आणि दोन्हींतला फरक बहुतेक वेळा घरातल्यांनाही दिसतो. शब्द अडतो आणि दहा मिनिटांनी भाजी चिरताना आठवतो. खोलीत कशाला आलो ते विसरतं, परत फिरल्यावर सुचतं. चुका आपल्या आपल्यालाच आधी कळतात आणि छळतात. हे या काळातलं आहे. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारणं आणि आधी विचारल्याचं आठवतही नसणं, वर्षानुवर्षं केलेला हिशेब किंवा स्वयंपाक जमेनासा होणं, स्वभाव पार बदलणं, आणि हे सगळं आपल्याला नव्हे तर घरच्यांना आधी जाणवणं: यातलं काही असेल, किंवा पाळी जाऊन दोन-तीन वर्षं झाल्यावरही विसर वाढतच असेल, तर न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्यावी आणि सोबत घरातलं एखादं माणूस न्यावं. बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एका हातातली ताकद गेली तर त्याचा पाळीशी काही संबंध नाही. तेव्हा वेळ घेत बसू नये, त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल गाठावं.